महिन्यातील एक तास

लहानपणी येऊन गेलेल्या सांध्यांच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप निकामी केली होती. २०१७ साली तिच्या जागी यांत्रिक झडप बसविण्यात आली आणि तेव्हापासून रक्त गोठू न देणारी वॉरफेरिनची गोळी माझ्या नित्यक्रमात आली. हे द्रव्य १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले व १९५४ पासून औषध म्हणून माणसांना देण्यात येऊ लागले. अर्थात ते तोलूनमापूनच घ्यावे लागते. तो तोल सांगणारी रक्ततपासणी म्हणजे आय.एन.आर. निरोगी माणसात हा आकडा सुमारे १ असतो, माझा २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहावा लागतो. तो खाली घसरल्यास झडपेवर गुठळी धरण्याची भीती, वर चढल्यास रक्तस्रावाची.

मी बेळगावात एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. मार्च महिना उजाडला की आम्हां मंडळींना दिवस अपुरा पडतो. एका वर्षी त्या गडबडीत दोन महिने मी तपासणी टाळली. ‘साहेब सवड देणार नाहीत, आणि उपाशीपोटी रांगेत कोण उभा राहणार?’ असे घरी सांगून मी सुटका करून घेत असे. जेवणाचा डबा तसाच परत येई. डोके दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेई. अखेर एके दुपारी हिशेबाच्या कागदांवर तांबडे ठिपके पडले. नाकातून वाहणारे रक्त काही केल्या थांबेना.

तपासणीत आकडा ६.८ निघाला. डॉक्टर रागावले नाहीत. जेवण तुटले, पालेभाजी एकाएकी बंद झाली की आकडा चढतो आणि तसल्या वेदनाशामक गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे त्यांनी शांतपणे समजाविले. या तपासणीस उपाशी राहण्याची गरजच नसते, हेही मला त्याच दिवशी कळले!

घरी आल्यावर पत्नीने एवढेच विचारले, “अहो, साहेबांना तुम्ही एकदा तरी विचारलंत का?”

मी निरुत्तर झालो. पुन्हा कामावर रुजू होताच साहेबांना सारे सांगितले. ते म्हणाले, “महिन्यातून एक सकाळ तासभर उशिरा या. एवढ्यासाठी इतके दिवस गप्प राहिलात?”

वाचकहो, कामाच्या ओझ्याला मी उगाच दोष देत होतो. आपले दुखणे चारचौघांत कळू नये, ही लाजच खरी आड येत होती. आता आमच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत दर महिन्याच्या एका तारखेभोवती पत्नी वर्तुळ काढून ठेविते. मार्चच्या पानावर ते जरा ठळक असते.