टाचेची सकाळ

टाचेचं दुखणं माणसाला पहाटेच गाठतं. रात्रभर पाय निवांत असतो. फरशीवर पहिलं पाऊल टेकलं की खिळा रुतावा तशी कळ थेट मस्तकात जाते. भिंतीला धरून चार पावलं टाकली की ती ओसरते. बरं वाटलं असं समजून आपण कामाला लागतो, आणि संध्याकाळी टाच पुन्हा ठणकू लागते.

‘हाड वाढलंय,’ असं सगळेच सांगतात. पण तसं वाढलेलं हाड न दुखणाऱ्या टाचांच्या एक्स-रेमध्येही दिसतं. दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला तळव्याचा जाड पट्टा. रात्री तो आखडतो, सकाळी अंगाचा सगळा भार एकदम त्याच्यावर येतो.

माझी टाच दुखू लागली त्या वर्षी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचं फिरणं सुटलं. मोरांचा आवाज, ओळखीचे चेहरे, सगळंच सुटलं. घरात चपला घालायच्या, त्याही स्वयंपाकघरात, हे आईला आधी रुचलं नाही. मग तिनेच मऊ तळाच्या कोऱ्या चपला ओट्यापाशी आणून ठेवल्या. देवघराच्या उंबऱ्याशी मात्र त्या काढायच्या. रात्री तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून ती टाच शेकवायची. त्या उबेनं झोप लागे. (मधुमेह असेल तर हा शेक घेऊ नये. बधिर तळव्याला चटका कळत नाही.)

खरा गुण आला तो व्यायामानं. अंथरुणातून उतरण्याआधी पाय मांडीवर घ्यायचा, बोटं हातानं नडगीकडे ओढायची, दहा मोजायचे, सोडायची. पुढे पायरीच्या कडेवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाच सावकाश उचलायची, सावकाश खाली न्यायची. या दुसऱ्या व्यायामाचा अभ्यास डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१४ साली मांडला. नुसत्या ताणापेक्षा तीन महिन्यांत त्यानं जास्त आराम पडला. वर्षअखेर दोन्ही व्यायामांचे गट सारखेच. म्हणजे घाई कामाची नाही. टाचेला विश्रांती हवी, तसा बेताबेतानं वाढवलेला भारही हवा. मला आधी सपाट रस्ता मिळाला, मग पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या, टेकडी कितीतरी नंतर.

आषाढी वारीच्या पालख्या नाना पेठेत, भवानी पेठेत मुक्कामाला येतात, तेव्हा वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळणारी माणसं रस्त्यावर बसलेली असतात. हे पुण्याचं मोठं सुंदर रूप. पण याच शहरात साड्यांच्या दुकानांतल्या बाया वर्षभर दिवसच्या दिवस उभ्या असतात. ‘कमी उभे राहा’ हा डॉक्टरांचा सल्ला त्यांनी कसा पाळावा? केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय कायद्यानं बंधनकारक केली. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदारांनी कायद्याची वाट कशाला पाहावी? काउंटरमागे एक स्टूल ठेवा, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यांना बसू द्या.