पाणी म्हणजे लाळ नव्हे

"अहो, घोटभर पाणी प्या ना!" हे मी ह्यांना वर्षभरात किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ सोमवार ते शुक्रवार करत रेडिएशनच्या 33 खेपा. रिपोर्ट चांगला आला. माणूस हाती लागला, त्यापुढे तोंड कोरडं पडतं ही तक्रार मला किरकोळ वाटायची. खरं सांगते, रागच यायचा.

माझे डोळे उघडले एका भाकरीने. ह्यांनी एवढासा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिले, चावतच राहिले. वर तीन घोट पाणी घेतलं, तरी घास उतरेना. शेवटी टाळूला चिकटलेला पिठाचा लगदा बोटाने खरवडून काढला आणि ताट सरकवलं. बोलले काहीच नाहीत.

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. कानापुढच्या ग्रंथींतून पातळ लाळ येते आणि रेडिएशन नेमकं त्यांनाच फार लवकर बाधतं. मग उरते ती चिकट, तार धरणारी. लाळ घास सरकवते, तशीच तोंडातलं आम्ल निवळवते, दातांची झीज भरते, बुरशीला आवर घालते. पाण्याने तोंड घटकाभर ओलं होतं, एवढंच.

मला खाली बघावं लागलं. तोंडाला पाणी सुटावं म्हणून महिनोन् महिने मीच त्यांना खडीसाखर चघळायला देत होते. हिरड्यांलगत दात किडले होते. आणि ते काढायचे म्हटलं तरी धोका, कारण रेडिएशन बसलेल्या जबड्याची जखम लवकर भरत नाही, हाडही खराब होऊ शकतं. हे कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही कधी विचारलं नव्हतं.

खडीसाखरेची बरणी त्याच दिवशी रिकामी केली. आता लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा घालून दिवसभर गुळण्या, दातांना फ्लोराईडचं जेल, अधूनमधून बिनसाखरेचं च्युइंगगम. रात्रीवर मात्र फारसा उपाय नाही. जीभ टाळूपासून सुटताना टक् असा आवाज होतो. पूर्वी त्याने जाग आली की मी कूस बदलायचे. आता उशाची बाटली उघडून हातात देते.

परवा त्यांनी आपणहून भाकरी मागितली. बारीक चुरून दुधात घातली. भिजायला वेळ लागला, तोवर मी त्यांच्या ताटाशी बसून राहिले.