करपलेली मेथी

व्यापार हा शब्द आमच्या घराण्यांत चार पिढ्यांत कोणीं उच्चारला असेल, तर तो नाक मुरडण्यापुरताच. आजोबा भिक्षुकी करीत, वडील कचेरींत कारकून होते, थोरले बंधू वकील झाले आणि मीं बत्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें. नफ्यातोट्याचीं उदाहरणें मीं हजारों मुलांकडून सोडवून घेतलीं. परंतु त्या उदाहरणांतला तो नेहमींचा 'एक व्यापारी' आपल्याच माजघरांतून निघेल आणि त्याचा पत्रव्यवहार उतारवयांत आपल्या गळ्यांत पडेल, असें मला स्वप्नांतहि वाटलें नव्हतें.

तो व्यापारी म्हणजे आमची सूनबाई. सांगलीच्या गांवभागांतलें आमचें घर अजून एकत्र आहे. थोरल्या वहिनी, आम्ही उभयतां, मुलगा, सून आणि नात अशा सहा जणांची पंगत रोज एकाच स्वयंपाकघरांत बसते. २०२० सालच्या मार्चांत टाळेबंदी झाली, मुलाचा पगार निम्म्यावर आला आणि माझ्या निवृत्तिवेतनाकडे सर्वांचे डोळे लागले. तशांत एके दिवशीं सूनबाई चाचरत म्हणाली, "बाबा, मोठ्या आईंचें मेतकूट आणि भाजणी विकायला काढूं का?"

क्षणभर कोणीच बोलेना. मी चष्मा पुसूं लागलों. अडचणीच्या प्रश्नाला माझें हेंच उत्तर असतें. शेवटीं वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, आजवर डबे भरभरून फुकट वाटले, तेव्हां आपली अब्रू गेली नाहीं. पैसे घेतले म्हणून ती कां जावी?" या प्रश्नालाहि मजपाशीं उत्तर नव्हतें. अशा रीतीनें आमच्या घरीं दुकान निघालें. आणि तें अशा जागीं, कीं जेथें ना फळी, ना गल्ला, ना दारावर पाटी. सारें दुकान सूनबाईच्या हातांतल्या मोबाइलमध्यें!

पहिले कांहीं महिने हा व्यवहार व्हॉट्सॲपवरच चालला. व्यापाऱ्यांसाठीं त्याचा एक निराळा प्रकार २०१८ पासून मिळूं लागला आहे. त्यांत मालाची चित्रांसह यादी मांडतां येते, नेहमीं विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचीं उत्तरें तयार ठेवतां येतात आणि कोणाचे पैसे यावयाचे, कोणाचा पुडा जावयाचा, याच्या खुणाहि करतां येतात. एकच निरोप अनेकांना एकदम धाडण्याची सोयहि होती; मात्र एका यादींत २५६ नांवेंच बसत, आणि ज्यानें आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्यें नोंदून ठेवला असेल त्यालाच तो निरोप पोंचे. सूनबाईला ही अट जाचक वाटे. मला ती फार सभ्य वाटली. ज्यानें आपलें नांव लिहून ठेवलें आहे, त्याच्याच दाराची कडी वाजवावी, हा तर जुना शिष्टाचार!

वहिनींचा मुलगा पुण्यास जाहिरातीच्या धंद्यांत आहे. त्याला आमचा हा सौम्य कारभार पसंत पडेना. "काका, ओळखीच्यांना विकणें म्हणजे धंदा नव्हे, अनोळखी माणसापर्यंत पोंचलें पाहिजे," असें म्हणून त्यानें इन्स्टाग्रामवर आमचें पान उघडून दिलें. तेथें रील नांवाच्या लहान लहान चित्रफिती टाकतात. एकदां वहिनी लोखंडी कढईंत धने भाजीत बसल्या होत्या. नात त्यांचें चित्र घेत होती. "तो मोबाइल बाजूला ठेव, माझे धने करपतील!" म्हणून त्या तिच्यावर ओरडल्या. तेवढाच तो वीस सेकंदांचा देखावा. परंतु आठवडाभरांत तो ९८,००० वेळां पाहिला गेला! घरांत उत्सव झाला. देवळाच्या वाटेवर अनोळखी मुली वहिनींना थांबवून नमस्कार करूं लागल्या.

मीं मात्र संवयीनें वही काढली. त्या आठवड्यांत आलेल्या मागण्या ११. म्हणजे दर ८,९०९ पाहण्यांमागें एक मागणी! पुढें पांच हजार रुपये देऊन तोच देखावा आणखी लोकांपुढें मांडला. पाहण्यांचा आंकडा फुगला, पुड्यांचा फुगला नाहीं. जत्रेंत मदाऱ्याभोंवतीं रिंगण जमतें, म्हणून त्याच्या शेजारचा भांडेवाला कांहीं श्रीमंत होत नाहीं. लोक वहिनींचें ओरडणें पाहावयास आले होते. मेतकूट घ्यावयास नव्हे.

त्या सुमारास मला एका जुन्या गोष्टीची आठवण झाली. आमच्याच जिल्ह्यांत किर्लोस्करवाडी आहे. तेथें नांगर आणि शेतीचीं अवजारें तयार करणाऱ्या कारखान्यानें १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' नांवाचें एक लहानसें पत्रक काढलें. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांना कळावी, हा त्याचा मूळ उद्देश. परंतु संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनीं त्यांत वाचकाला वाचावेंसें वाटेल असें लिहिण्यास प्रारंभ केला, आणि पाहतां पाहतां त्या पत्रकाचें घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें. नांगराची गरज जन्मांत एकदां पडावयाची. परंतु वाचण्याजोगें कांहीं असेल, तर तें दर महिन्याला हवें असतें. वाचकाच्या घरांत आधीं पाहुणा म्हणून शिरावें, आपल्यापाशीं असलेलें कांहीं द्यावें, मग मागावें, हें त्या मंडळींना मोबाइलच्या पुष्कळ आधीं उमगलें होतें.

मीं हें सूनबाईस सांगितलें. ती दोन दिवस विचार करीत होती. तिसऱ्या दिवशीं तिनें आपल्या पानावर मालाची स्तुति न करतां एक साधा प्रश्न विचारला: "तुमच्या घरीं मेतकुटांत गहू घालतात कीं नाहीं?" झालें! जणूं माहेरवाशिणींचा मेळावाच भरला. कोणी म्हणे, गहू हवाच. कोणी म्हणे, गव्हानें चव बोथट होते. कोणी सुंठ सांगितली, कोणी मिरीं. बडोद्याच्या एका बाईंनीं आपल्या आजीचें प्रमाण वाटीच्या मापानें लिहून पाठविलें. दोन दिवसांत १४० उत्तरें आलीं. "बाबा, प्रत्येकीला उलट उत्तर गेलें पाहिजे. मला एकटीला जमायचें नाहीं," असें म्हणून सूनबाईनें तें काम माझ्याकडे सोंपविलें. मीं शाळेच्या वह्या तपासाव्यात तशा निष्ठेनें एकेकीला उत्तर लिहिलें. त्या महिन्यांत ३७ नव्या मागण्या आल्या. यांत कसली जादू होती? लोकांना आम्हीं बोलावयास विचारलें, आणि ते बोलले तेव्हां ऐकून घेतलें, एवढेंच.

आणखी एक खबरदारी मीं घेतली. २०२० च्या जूनअखेर सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हां ज्या लहान व्यावसायिकांचीं सारीं गिऱ्हाइकें तेथेंच जमलीं होतीं, त्यांचें दुकान एका रात्रींत नाहींसें झालें. दुसऱ्याच्या जागेंत मांडलेला बाजार असा असतो. तेव्हांपासून आमच्याकडे एक लांबट, पुठ्ठ्याची वही आहे. गिऱ्हाइकाचें नांव, पत्ता, आवडनिवड आणि त्याला कोणत्या तारखेच्या घाण्यांतला पुडा गेला, हें सारें मी तींत लिहितों. मुलगा हंसे. "बाबा, मोबाइलमध्यें सगळें असतें." मी म्हणें, "असूं दे. वहीला बंदी होत नाहीं."

ही वही पुढें वर्षभरांतच कामास आली, परंतु ती अशा कामास येईल असें वाटलें नव्हतें.

२०२१ च्या एप्रिलांत वहिनींना कोव्हिड झाला. बारा दिवस आम्हां सर्वांच्या तोंडचें पाणी पळालें. सुदैवानें त्या बऱ्या होऊन घरीं आल्या आणि महिन्याभरानें पुन्हां चुलीपाशीं बसूं लागल्या. पुढें श्रावणांत, पावसाची झड लागली असतां, आमच्या पानावर सर्वांना दिसेल अशा जागीं नाशिकच्या एका बाईंनीं लिहिलें: "या वेळचें मेतकूट कडू आहे. मुलानें भात टाकून दिला. पूर्वीं असें नव्हतें."

मला सात्त्विक संताप आला. चार पिढ्यांची कृति, वहिनींचा हात आणि तें मेतकूट कडू! मीं तत्काळ बावीस ओळींचें उत्तर लिहिलें. भाषा शुद्ध होती, उपरोध खोंचक होता आणि शेवटीं 'रुचिभेद' या विषयावर एक वाक्यहि होतें. पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, भांडूं नका. तो मजकूर काढून टाका. दोन सेकंदांचें काम आहे. कोणाला कळायचें नाहीं."

सूनबाईनें दोघांचेंहि ऐकलें नाहीं. "आधीं चाखून पाहूं," एवढेंच ती म्हणाली. त्याच घाण्यांतला एक पुडा फडताळांत उरला होता. हिनें गरम भात वाढला, वर मेतकूट आणि तूप घातलें. पहिला घांस मीं घेतला आणि बावीस ओळी घशांतच अडकल्या. कडू! निःसंशय कडू. मेथी करपली होती. मुलानें घांस गिळला आणि खिडकीबाहेर पाहिलें. कोणी वहिनींकडे पाहीना. घरांतल्या माणसाच्या हातचें बिघडलें, तर मुकाट्यानें जेवावें, ही आम्हांला लहानपणापासूनची शिकवण. परंतु नाशिकच्या त्या बाईनें मुकाट्यानें कां जेवावें? तिनें तर पैसे मोजले होते.

वहिनींनीं चिमूटभर मेतकूट जिभेवर ठेवलें. मग पदरानें बोटें पुसून शांतपणें म्हणाल्या, "कडूच आहे. त्या आजारापासून मला वासच येत नाहीं. मेथी झाली कीं नाहीं, तें मी रंगावरून ठरवीत होतें."

"मोठ्या आई, सांगितलें कां नाहींत?" सूनबाईनें विचारलें.

"सांगितलें असतें, तर तुम्हीं मला तेथें बसूं दिलें असतें का?"

या प्रश्नापुढें मी पुन्हां चष्मा पुसूं लागलों. चार महिने ही वृद्ध बाई हिंगाचा, तुपाचा, उदबत्तीचा वास हरवून बसली होती आणि आम्हां कोणालाहि त्याचा पत्ता नव्हता. अनोळखी १४० जणींचीं पत्रें मीं मन लावून वाचलीं होतीं. चुलीपाशीं बसलेल्या माणसाची मुद्रा मात्र मला वाचतां आली नव्हती!

रात्रीं उत्तर लिहावयास बसलों. बावीस ओळी खोडल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, स्पष्ट लिहा, मेथी माझ्या हातून करपली." सूनबाई मध्येंच म्हणाली, "नाहीं. पुड्यावर नांव घराचें आहे. चांगलें झालें तेव्हां घराचें म्हटलें. मग चूकहि घराचीच." अखेर चार ओळी गेल्या: तुमची तक्रार खरी आहे, मेथी आमच्याकडून अधिक भाजली गेली, आम्हीं स्वतः चाखून खात्री केली, त्या घाण्याचे पुडे ज्यांना गेले त्या सर्वांना नवे पुडे पाठवीत आहों, त्याबद्दल कांहीं द्यावयाचें नाहीं. मूळ तक्रार जेथें होती तेथेंच, तिच्याखालींच, हें उत्तर टाकलें.

वही उघडली. त्या तारखेपुढें ४३ नांवें निघालीं. मेथी सूनबाईनें भाजली, पुडे हिनें बांधले, पत्ते मीं लिहिले आणि मुलानें ते स्पीड पोस्टानें धाडले. त्या महिन्याचा नफा टपालखर्चांतच गेला, वर पदरचे कांहीं पडले. सर्वांनीं आमची वाहवा केली, असें म्हणण्याची सोय नाहीं. पांच घरांतून पुन्हां कधीं मागणी आली नाहीं. त्यांचीं नांवें वहींत अजून आहेत. परंतु आमच्या त्या चार ओळींखालीं कितीतरी जणींनीं आपापल्या करपलेल्या मेथीच्या हकीकती लिहिल्या. नाशिकच्या बाईंनीं इतकेंच लिहिलें: "कबूल केलेंत, बरें वाटलें. पुढच्या वेळीं अर्धा किलो पाठवा." त्या आजहि आमच्या गिऱ्हाईक आहेत.

आतां कोणी धाकटा उद्योजक मला विचारतो, "काका, फॉलोअर कसे वाढवावे?" तेव्हां मी त्याला उलट विचारतों, "तक्रार आली तर ती ठेवतोस कीं पुसतोस?" पुसणारा असेल, तर त्याच्याशीं अधिक बोलण्यांत हंशील नसतें. ९८,००० जणांनीं आमच्याकडे पाहिलें, त्यांतल्या एकाचाहि चेहरा मला ठाऊक नाहीं. एका बाईनें आम्हांला कडू म्हटलें, म्हणून आमच्या घरांत चार महिने लपलेलें एक दुःख उघडें पडलें. तो मजकूर आम्हीं त्या दिवशीं पुसला असता, तर मेतकूट कडूच राहिलें असतें, आणि वहिनी एकट्याच रंगाकडे पाहत बसल्या असत्या.

वहिनींना वास परत आला नाहीं. परंतु त्यांची जागा आम्हीं हलविली नाहीं. प्रमाण त्यांचेंच, झारा त्यांच्याच हातांत. शेजारीं पाटावर नात बसते. आज सकाळींच मीं ओटीवरून ऐकलें:

"वास सुटला का ग?"

"अजून नाहीं, आजी. थोडें थांब."

"आतां?"

"आतां सुटला. उतर!"