अंथरूण पाहून पाय पसरावेत, पण आभाळात?

विमानाचा पहिला वर्ग म्हणजे श्रीमंतांची चैन, असंच मध्यमवर्गीय घर मानत आलं आहे. पण सोळा-सतरा तासांची रात्र बसून काढायची वेळ सत्तरीतल्या आईवर येते, तेव्हा काय करायचं?

रात्रीचे दीड वाजलेले असतात. मल्लेश्वरम, जयनगर, राजाजीनगर गाढ झोपेत. पण शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवर देवनहळ्ळीच्या विमानतळावर मात्र आठवडी बाजारासारखी गर्दी! ढकलगाड्यांवर दोरीने आवळलेले खोके, बेंगळुरूच्या हवेत उगाचच स्वेटर घातलेले आजी-आजोबा, आईच्या खांद्यावर पेंगुळलेली पोरं. बांबूच्या छताचं आणि झाडावेलींचं नवं टर्मिनल कितीही देखणं असलं, तरी या वेळी त्याच्याकडे मान वर करून बघतो कोण? प्रत्येकाच्या मनात एकच विचार. पुढचे वीस-बावीस तास काढायचे कसे?

लांब पल्ल्याची विमानं अशी अपरात्रीच का सुटतात? कारण साधं आहे. बेंगळुरूहून अमेरिकेला जाणारे बहुतेक प्रवासी युरोपात नाहीतर आखातात विमान बदलतात. इथून रात्री दोन-तीनला निघालं, की सकाळी युरोप गाठता येतं आणि तिथून पुढची विमानं मिळतात. शिवाय फ्रँकफर्टच्या विमानतळावर २०११पासून रात्री अकरा ते पहाटे पाच विमानांच्या ये-जा करण्यावर बंदी आहे. आसपासच्या रहिवाशांची झोप मोडू नये, म्हणून हा नियम. थोडक्यात, त्यांची झोप शाबूत राहते आणि जागरण आपल्या वाट्याला येतं!

आणि इथेच त्या पडद्याआडच्या पुढच्या खुर्च्यांची गोष्ट सुरू होते. कारण लांबच्या रात्रीच्या प्रवासात पहिल्या वर्गात खरी विकली जाते ती झोप. शॅम्पेन, मऊ सपाता, नावाने हाक मारणारी हवाईसुंदरी, हे सगळं त्या झोपेच्या भोवतालची सजावट.

अडीच फूट आणि साडेसहा फूट

इकॉनॉमी वर्गात एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचं अंतर साधारण ३० ते ३२ इंच असतं. म्हणजे जेमतेम अडीच फूट. पहिल्या वर्गातला पलंग साडेसहा फुटांच्या आसपास. मधल्या चार फुटांसाठी तिकिटाचे कैक पट पैसे! ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण ज्याने काढली, त्याने इंचावर मोजून विकलं जाणारं अंथरूण स्वप्नातही पाहिलं नसेल.

पूर्वी असं नव्हतं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते. भाडं १,७२० रुपये. त्या काळी ती रक्कमच इतकी मोठी होती, की विमानात पाऊल टाकणारा प्रत्येक जण बडा असामी. वेगळा वर्ग हवा कशाला? शिवाय विमान वाटेत उतरायचं, जमिनीवर पाय मोकळे करता यायचे. पुढे १९७१मध्ये एअर इंडियाचं ‘एम्परर अशोका’ हे जम्बो जेट आलं. खिडक्यांना राजवाड्यातल्या झरोक्यांची नक्षी आणि वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी खास बैठक. म्हणजे तेव्हाचा पहिला वर्ग हा गप्पांचा दिवाणखाना होता. पाठ पूर्ण टेकवून आडवं होता येईल असा पलंग १९९५-९६च्या सुमारास ब्रिटिश एअरवेजने पहिल्या वर्गात आणला आणि २००० साली तोच बिझनेस क्लासलाही दिला.

तिथेच पहिल्या वर्गाची पंचाईत झाली. मधल्या वर्गात झोपायला मिळू लागल्यावर वरच्या वर्गाने विकायचं काय? मग खुर्चीभोवती भिंती आल्या, सरकते दरवाजे आले. एमिरेट्सच्या ज्या दुमजली ए-३८० विमानाची बेंगळुरूची फेरी ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, त्या जातीच्या विमानात पहिल्या वर्गासाठी चक्क न्हाणीघर आहे. पाणी मात्र मोजून पाच मिनिटं! बंब पेटवून बादलीने अंघोळ केलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे काही फार नाहीत. तरीही बऱ्याच कंपन्यांनी पहिला वर्ग कमी केला किंवा बंदच केला.

हवा मात्र सगळ्यांना सारखीच

कितीही पैसे मोजा, काही गोष्टी पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच राहतात. विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितकाच असतो. ओलावा इतका कमी, की ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो. अशा हवेत जिभेला मीठ आणि साखर कमी जाणवते. म्हणून पहिल्या वर्गातलं उंची जेवणही कधी कधी अळणी लागतं आणि मागच्या रांगेतल्या बाईंच्या डब्यातला तिखट-आंबट मेथीचा ठेपला भाव खाऊन जातो!

पायांचंही तेच. तासन् तास बसून राहिल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. याला काही लोक ‘इकॉनॉमी क्लासचा आजार’ म्हणतात, पण ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका जवळजवळ दुप्पट होतो, मग तो प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा की मोटारीचा. मुळात निरोगी माणसाला हा धोका सहा हजारांत एक एवढाच. घाबरून जायचं कारण नाही. मात्र स्थूल व्यक्ती, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया, फार उंच माणसं आणि पाच फूट तीन इंचांहून कमी उंचीची माणसं यांनी जास्त जपायला हवं. आपल्याकडच्या किती आया-आज्या या शेवटच्या मापात बसतात, ते ज्याने त्याने घरात बघावं. औषध साधं आहे. दर तास-दोन तासांनी उठून चालणं, बसल्या जागी घोटे फिरवणं, पाणी पिणं. आधीपासून काही त्रास असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला.

सबंध प्रवासाची एकच रात्र

जानेवारी २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू अशी एअर इंडियाची थेट फेरी सुरू झाली, ती अनेकांना आठवत असेल. वैमानिक कक्षात चारही स्त्रिया होत्या: कॅप्टन झोया अग्रवाल, पापागारी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. विमान उत्तर ध्रुवावरून आलं. अंतर जवळपास १४ हजार किलोमीटर, वेळ सतरा तासांहून अधिक. ९ जानेवारीच्या रात्री निघालेले प्रवासी ११ तारखेच्या पहाटे बेंगळुरूत उतरले. वाटेतला ध्रुवप्रदेश ऐन हिवाळ्यात सूर्याचं तोंडही न पाहणारा. म्हणजे जवळजवळ सगळा प्रवास एकाच लांबलचक रात्रीचा!

त्या बोईंग ७७७ विमानात २३८ आसनं होती. त्यांपैकी पहिल्या वर्गाची फक्त ८, बिझनेसची ३५ आणि इकॉनॉमीची १९५. पण त्या विमानात आडवं होण्याची सोय आणखी काही जणांसाठी होती, वैमानिक आणि इतर कर्मचाऱ्यांसाठी. एवढ्या लांबच्या प्रवासात वैमानिक पाळीपाळीने आत जाऊन झोपतात. तसा नियमच आहे. त्या झोपेला कुणी चैन म्हणत नाही. गरज म्हणतात.

बेंगळुरूची दोन टोकं

गंमत म्हणजे स्वस्ताई आणि थाट, दोन्हींचे प्रयोग याच शहराने करून पाहिले. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली बेंगळुरूतून एअर डेक्कन सुरू केली आणि पुढे चक्क एक रुपयाची तिकिटं काढली. ज्यांनी विमान फक्त मान वर करून पाहिलं होतं, ते त्यात जाऊन बसले. दुसऱ्या टोकाला विजय मल्ल्या यांची २००५ साली सुरू झालेली किंगफिशर. सप्टेंबर २००८मध्ये तिचं बेंगळुरू-लंडन विमान सुरू झालं. पुढच्या वर्गात सपाट पलंग, शिवाय बार. डेक्कनही तोपर्यंत तिच्या पोटात गेली होती. पण कर्ज वाढलं, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि ऑक्टोबर २०१२मध्ये सगळी विमानं जमिनीवर आली. अंथरूण न पाहता पाय पसरले, तर प्रवाशाचं काय अन् कंपनीचं काय, एकच गत!

तिकिटावरून माणसाची किंमत करणारेही काही कमी नाहीत. बेंगळुरूच्याच लेखिका सुधा मूर्ती सलवार-कमीज घालून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर बिझनेस क्लासच्या रांगेत उभ्या होत्या. एका उंची पोशाखातल्या बाईंनी त्यांना सरळ इकॉनॉमीच्या रांगेचा रस्ता दाखवला. वर ‘कॅटल क्लास’, म्हणजे गुरांचा वर्ग, असा शेराही मारला. २०१७च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा किस्सा लिहिला आहे. खिशात योग्य रांगेचं तिकीट असूनही साध्या कपड्यांमुळे हे ऐकून घ्यावं लागलं!

एका घरातला हिशेब

आता राजाजीनगरातलं एक मराठी घर. नवरा-बायको दोघंही निवृत्त. मुलगी कॅलिफोर्नियात, तिचं पहिलं बाळंतपण. आईने डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट असं सगळं बांधून घेतलं आणि दोघं इकॉनॉमीतून गेली. पोहोचली तेव्हा आईचे पाय असे सुजले होते, की चपला हातात घेऊन उतरावं लागलं. तीन महिने बाळंतिणीचं केलं, बाळाला न्हाऊ-माखू घातलं, रात्री जागवल्या. परतायच्या वेळी जावईबापूंनी विषय काढला. कामानिमित्त सतत फिरल्यामुळे त्यांच्या खात्यात विमानकंपनीचे बरेच पॉइंट्स जमले होते. त्यावर सासूबाईंना पहिल्या वर्गात बसवता येणार होतं. पण एकालाच.

“काही नको!” आई म्हणाली. “तेवढ्याचं काहीतरी बाळाला घ्या.”

“आई, पॉइंट्सचं झबलं येत नाही. आणि तुझ्या गुडघ्यांचं काय?” मुलगी म्हणाली.

“मग बाबांना बसवा पुढे.”

“अगं, मला बसल्या बसल्या झोप लागते,” बाबांनी विषय संपवला. “ऑफिसात तीस वर्षं तेच तर केलं!”

विमान आखातापर्यंत सोळा तासांचं. पुढे हवाईसुंदरीने गादी पसरून दिली, मऊ पायजमा दिला, “काय घेणार?” म्हणून अदबीने विचारलं. आईने साधं पाणी मागितलं. आणि मग ती आडवी झाली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच सलग चार तास झोपली.

जाग आली ती दचकूनच. ह्यांची रक्तदाबाची गोळी! ती तर आपल्याच पर्समध्ये राहिली.

सपाता घालून ती पडदा ओलांडून मागे गेली. अंधारात रांगा मोजत चाळिसाव्या रांगेपाशी पोहोचली, तर बाबा टक्क जागे. शेजारच्या तरुणाचं डोकं त्यांच्या खांद्यावर.

“झोपला नाहीत?”

“तू का उठलीस?”

“गोळी.”

गोळी घेऊन झाल्यावर ती म्हणाली, “अहो, तुम्ही जा तिकडे. मी बसते इथे.” पण तसं करता येत नाही, असं कर्मचारी मुलीने नम्रपणे सांगितलं. जागा ज्याच्या नावावर, त्यानेच बसायचं. मग दोघं मागच्या मोकळ्या जागेत, चहाच्या ट्रॉलीपाशी जाऊन उभी राहिली. टाचा वर-खाली करत, पाय मोकळे करत. आईने पुढून आणलेलं चॉकलेट दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं. नातीच्या नाकावरून थोडा वाद झाला. ते कुणावर गेलंय, हे अजून ठरायचं होतं.

असं ती त्या रात्री तीनदा मागे आली.

बेंगळुरूला उतरल्यावर आईचे पाय सुजलेले नव्हते. बाबांचे सुजले होते. घरी पोहोचल्यावर मुलीचा फोन आला. “आई, झोप लागली का?”

“लागली गं. पलंग फार छान होता. पण फार लांब होता.”

“साडेसहा फूट ना?”

“तसा नाही गं. ह्यांच्यापासून लांब.”

त्यानंतर घरात एक निर्णय झाला. अंग आखडून, दुखणं सोसून पैसे वाचवायचे नाहीत, कारण नंतर डॉक्टरकडे तेच पैसे जातात. पण एकट्याने राजासारखं झोपायचंही नाही. पुढच्या खेपेला दोघांसाठी प्रीमियम इकॉनॉमीच्या शेजारशेजारच्या खुर्च्या, त्यातली एक उठायला सोपी अशी मार्गिकेलगतची, आणि वाटेत एक रात्र मुक्काम. खर्च थोडा वाढेल. त्यासाठी आईने बँकेत वेगळं खातंही उघडलंय. नात दीड वर्षाची होईपर्यंत त्यात दोन तिकिटांपुरते पैसे जमतील, असा तिचा हिशेब आहे.

आणि बाबांची गोळी आता बाबांच्याच खिशात असणार आहे!