उरल्या पाण्याचा शिरस्ता

पत्र पहिले

मुक्काम केझिक, डरवेंटवॉटरचा काठ
२ मे

चि. सौ. कमल हीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या चिरंजिवाने, बाळूने, मामाला विमानतळावरून लीड्सला नेले आणि चौथ्याच दिवशी या सरोवराच्या काठी आणून उतरविले, एवढे वर्तमान तुला फोनवरून कळलेच आहे. परंतु जी गोष्ट फोनवर सांगताना जीभ अडखळली, ती सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच. आधी आमच्या बिऱ्हाडाची ओळख: कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडलेली, दोन पलंग, एक ओटा, शेगडी आणि कपाटाएवढे न्हाणीघर पोटात घेऊन चालणारी खोली. हा छंद येथे चांगलाच जुना आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमाराच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या डॉक्टराने १८८५ साली ब्रिस्टल येथे घोड्यांनी ओढावयाचे असे एक घर मुद्दाम बांधवून घेतले आणि त्यातून तो स्कॉटलंडपर्यंत गेला. पुढे १९०७ साली अशा हौशी मंडळींचा रीतसर क्लबही निघाला.

या खोलीत नळ आहे, पण नळामागे पाट नाही. पाणी बाहेर, चाळीस लिटरांच्या एका आडव्या पिंपात असते. पिंपाला लांब दांडी अडकवून ते सार्वजनिक नळापासून जमिनीवरून लोळवीत आणावयाचे आणि त्यात पंप सोडावयाचा. याला येथे सर्रास ‘अ‍ॅक्वारोल’ म्हणतात. दुसऱ्या बाजूस मोरीच्या नळीखाली त्याच मापाचे दुसरे पिंप ठेवलेले असते, त्यात सांडपाणी साठते. म्हणजे येणारे आणि जाणारे पाणी एकाच खोलीच्या दोन कुशींना, डोळ्यांसमोर, मोजून ठेवलेले. पस्तीस वर्षे पाटबंधारे खात्यात पाळीपत्रकांची दप्तरे राखलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला हा बंदोबस्त पाहून किती समाधान झाले असेल, याची तुला कल्पना येईल.

आणि अशा माझ्याच हातून प्रमाद घडला. काल निघण्याची सकाळ होती. बाळू अंघोळीस गेलेला. आपणही काही हातभार लावावा म्हणून, पिंपात उरलेले निम्मे-अधिक पाणी, स्वच्छच तर आहे, या समजुतीने मी गाडीशेजारच्या गवतावर उपडे केले. आपल्याकडे अंगणात पाणी ओतले तर माती ते पिऊन टाकते. येथली जमीन आठवडाभराच्या पावसाने आधीच तृप्त होती, तिने थेंबही घेतला नाही. पाण्याचा एक चपटा, चकाकणारा ओघ उताराने निघाला, गवताच्या पात्यांखालून सहा मीटरांचे अंतर सरपटत गेला आणि शेजारच्या बिऱ्हाडाच्या छताखाली, अंथरलेल्या सतरंजीच्या काठाला जाऊन भिडला. तेथे दोन जोड बूट ठेवलेले होते. एक वयस्क बाई बाहेर आल्या, बूट उचलून त्यांनी खुर्चीवर ठेवले, सतरंजीचे टोक दुमडले आणि मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणून आत गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

थोड्या वेळाने वॉर्डन, म्हणजे या तळाचे पाटील म्हण, तेथून जाता जाता थांबले. त्यांनीही रागाचा शब्द काढला नाही. दुपारी याच जागेवर एक कुटुंब लहान मुलांसह उतरणार आहे, एवढेच सांगून ते ओल्या गवताकडे पाहत राहिले. आम्ही मुक्काम एक दिवस वाढवून पलीकडच्या जागेवर गाडी हलविली, म्हणून आलेले कुटुंब मला पाहावयास मिळाले. त्यांचा धाकटा मुलगा गाडीतून उतरला तो नेमका माझ्या चिखलात.

तुझा,
दादा

पत्र दुसरे

मुक्काम मॅलमजवळ, यॉर्कशायर डेल्स
६ मे

चि. सौ. कमल हीस आशीर्वाद.

हा तळ म्हणजे एका मेंढपाळ कुटुंबाच्या शेताचा कोपरा. १९६० च्या कायद्याप्रमाणे कॅरव्हॅनच्या तळाला सरकारी परवाना लागतो; परंतु मान्यताप्राप्त क्लबाने दाखला दिला असल्यास पाच गाड्यांपर्यंतच्या लहान जागेस त्यातून सूट आहे. सबब येथे वॉर्डन नाही, कचेरी नाही. एक नळ, एक गटार, गाडीतल्या संडासाची शौचपेटी रिकामी करण्याची एक जागा आणि कुंपणावर टांगलेली पाटी, एवढाच सरंजाम. मालकीणबाईंनी फाटकाशीच पहिला प्रश्न विचारला तो आमच्या नावाचा नव्हे, तर शौचपेटीत आम्ही निळे औषध घालतो की हिरवे, हा.

मला प्रथम यात विक्षिप्तपणा वाटला. बाळूने उलगडा केला तो असा की, या शेतावर नगरपालिकेची गटारे नाहीत, सेप्टिक टाकी आहे, आणि त्या टाकीत मैल्याचे विघटन करणारे सूक्ष्म जीव हेच तिचे कामगार. जुन्या पद्धतीच्या निळ्या औषधात फॉर्मल्डिहाइड असते, ते दुर्गंधी मारते तसे या कामगारांनाही मारते. पाच गाड्यांनी निष्काळजीपणे ओतलेल्या औषधाने टाकीचे काम बिघडले, तर प्रवासी पुढच्या गावी गेलेला असतो आणि दुर्गंधी घरमालकाच्या दारी राहते. यासाठीच शौचपेटी धुण्याचा नळ वेगळा आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा; पिण्याच्या नळाला पेटीचे तोंड लावणे हा येथल्या आचारधर्मातला सर्वांत मोठा अपराध समजतात, आणि त्याविषयी बोलताना एरवी मृदुभाषी असलेली ही माणसे आवाज चढवितात.

सांडपाण्याचा प्रश्न याहून नाजूक. भांड्यांचे ओशट, साबणाचे पाणी कुंपणाच्या मुळाशी ओतले तर काय बिघडले, असे मी विचारले. आपल्या परसात मोरीच्या पाण्यावर आईने आयुष्यभर अळू आणि केळी पोसल्या, हे माझ्या डोळ्यांसमोर होते. बाळू काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला मॅलम टार्न या तळ्यापाशी नेले. तळ्यातून निघालेला ओढा थोडे अंतर नीट वाहतो आणि मग, खळखळाट न करता, दगडगोट्यांत शिरून नाहीसा होतो, कारण सारा डोंगर चुनखडीचा आणि आतून पोखरलेला आहे. खाली मॅलम कोव्ह या प्रचंड कड्याच्या पायथ्याशी एक ओढा बाहेर येतो. कोणीही म्हणेल की तो हाच. परंतु पाण्यात खुणा सोडून केलेल्या परीक्षांत असे सिद्ध झाले की, कड्याखाली निघतो तो ओढा भलत्याच ठिकाणी बुडालेला, आणि तळ्याचे हे पाणी गावाच्याही खाली, एअर नदीच्या उगमझऱ्यांत वर येते. आईच्या मोरीचे पाणी कोठे जाते हे आईला ठाऊक होते. केळीचे पान पिवळे पडले की तिला सोड्याचा हात आखडता घ्यावासा वाटे. या डोंगरावर ओतलेले पाणी कोणाच्या दारी निघेल, हे ओतणाऱ्यास समजण्याची सोय नाही.

तेव्हा मला आपले आजोबा आठवले. पांझरा नदीच्या फडावर पाटकरी असताना ते म्हणत की पाणी सोडणे कोणालाही येते, उरलेले पाणी वाटेस लावणे येईल तो पाटकरी. भरणे संपले की जादा पाणी दुसऱ्याच्या बांधात घुसू न देता सांडव्यातून नदीला परत करावयाचे, कारण खालच्या गावाचा बंधारा त्याच नदीवर. पुढे नोकरीत मी ही गोष्ट नियमांच्या भाषेत शेकडो वेळा लिहिली असेल; परंतु पिंप उपडे करताना ती मला आठवली नाही.

तुझा,
दादा

पत्र तिसरे

मुक्काम लीड्स
९ मे

चि. सौ. कमल हीस आशीर्वाद.

काल परत आलो. निघण्याची सारी सिद्धता या वेळी मी स्वतः, बाळूच्या देखरेखीखाली केली, तिचा वृत्तांत कळवून हे प्रवासपुराण संपवितो.

पाणी तापविण्याचा बंब आदल्या रात्रीच बंद केला, कारण त्यात दहा-एक लिटर पाणी असते आणि सकाळी त्याची खुंटी फिरविताच ते गाडीच्या पोटाखालून एकदम बाहेर पडते. गरम असले आणि शेजारचे मूल तेथे खेळत असले तर अनर्थ. खुंटीखाली पसरट घमेले धरले. पिंप खडीवरून लोळविताना त्याचा गडगडाट फार होतो, म्हणून शेजाऱ्यांचे पडदे सरकेपर्यंत थांबलो. सांडपाणी गटारावर, जाळीच्या बरोबर मध्यावर ओतले, जाळीत अडकलेली भाताची शिते आणि चहाचा चोथा हाताने काढून कचऱ्यात टाकला आणि जाळीवर तांब्याभर स्वच्छ पाणी सोडले. शिल्लक राहिलेल्या चांगल्या पाण्याचे काय, हा प्रश्न मी या वेळी मालकीणबाईंना विचारला. ते गाडीत भरून नेणे गैरसोयीचे, कारण लिटरामागे किलोचे ओझे वाढते आणि गाडीच्या वजनाला कायद्याने मर्यादा आहे. त्यांनी कुंपणापलीकडे नवीन लावलेल्या काटेरी रोपांची ओळ दाखविली. नऊ रोपे होती; प्रत्येकाला तांब्या-तांब्या घातला.

बाळूच्या मते हे सगळे काम दहा मिनिटांचे आहे. मला पाऊण तास लागला. गाडी हलल्यावर मी खाली उतरून आमची जागा पाहिली: चाकांच्या दोन खुणा होत्या, बाकी गवत कोरडे होते.

तुझा,
दादा