गाडी गॅस खात नाही

मे महिन्यात मंगळवेढ्यात गाडीचा एसी गार हवा द्यायचा थांबला की सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही. शेजारी, मेहुणा, पेट्रोलपंपावरचा पोरगा, सगळ्यांचा उपाय एकच: "गॅस संपला असंल, भरून टाका." घरातला सिलिंडर संपतो तसा हाही संपत असणार, असंच मी धरून चाललो होतो. गाडी सेकंडहँड घेतलेली, बोनेट उघडायचं ते फक्त पाणी बघायला.

गॅरेजमधल्या मेस्त्रींनी गेज लावता लावताच मला थांबवलं. "सर, गाडी गॅस खात न्हाई. कमी झाला म्हंजे कुठंतरी गळतंय. आज भरून देतो, पैसे घेतो. पण मग परत गरम झाली की शिव्या मलाच."

त्यांनी पुढच्या जाळीतून बॅटरी मारली आणि मला वाकायला सांगितलं. रेडिएटरच्या पुढं आणखी एक पातळ जाळी असते, तिला कंडेन्सर म्हणतात, हे मला त्या क्षणी कळलं. तिच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळा, तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ घट्ट बसली होती. गॅसबरोबर थोडं तेलही फिरत असतं. जिथून गॅस निसटतो तिथं तेल पाझरतं आणि तेलाला धूळ धरते. मेस्त्रींनी साबणाचा फेस लावला. आधी काहीच नाही, मग एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला, त्याच जागी दुसरा आला. बाकीच्या जाळीत काळ्या रानाची माती आणि कडब्याचं भूस गच्च बसलेलं. जीआय मानांकन मिळालेल्या ज्वारीच्या गावात राहायचं, तर तिचं भूसही आलंच. वर रत्नागिरी-सोलापूर महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडणारे खडे. पहिला मार कंडेन्सरच खातो.

"कंडेन्सर गेला. पार्ट तुम्ही आणा, बसवून मी देतो," मेस्त्री म्हणाले. माझी खरी पंचाईत इथून सुरू झाली.

सोलापुरात पहिल्याच दुकानात प्रश्नांचा मारा. मॉडेल कुठलं? साल? पेट्रोल की डिझेल? ड्रायर कंडेन्सरला जोडलेला की वेगळा? मी गाडीचं नाव सांगितलं आणि रंग पांढरा असल्याचं सांगितलं. दुकानदार सभ्य होता, हसला नाही. त्यानं चासी नंबर मागितला. हा सतरा अक्षर-अंकांचा नंबर आरसी बुकात असतो, आणि नेमका पार्ट नंबर त्यावरूनच निघतो. एकाच नावाची गाडी मधल्या काळात बदलते. नळीचं तोंड बदलतं, ब्रॅकेट दोन बोटं सरकतं, आणि दिसायला जुळ्या भावासारखा कंडेन्सर बसता बसत नाही.

मग टेबलावर खोकी आली. एक गाडीच्या कंपनीच्या नावाचं, सर्वांत महाग. दुसरं, तो पार्ट मुळात बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या नावाचं. गाड्यांच्या कंपन्या एसीचे भाग बहुतेक बाहेरूनच घेतात. जपानची डेन्सो किंवा १९८५ साली सुझुकी आणि डेन्सोच्या भागीदारीत उभी राहिलेली आपल्याकडची सुब्रोस, ही त्यातली मोठी नावं. तिसरं खोकं 'लोकल', निम्म्याहून स्वस्त. चौथ्याला खोकंच नव्हतं. अपघातातल्या गाडीचा काढलेला माल, फडक्यानं पुसून ठेवलेला.

मी लोकलकडं झुकत होतो. फोनवर मेस्त्रींनी विचारलं, "दोन्ही शेजारी ठेवून जाडी बघा. पत्र्याच्या झालरी दाट कुणाच्या?" बघितलं. लोकलचा माल बोटाला पातळ लागला आणि झालरी विरळ. कंडेन्सरचं काम आतल्या गॅसची उष्णता बाहेर फेकायचं. बाहेर डिसेंबरचा गारवा असेल तर कुठलाही कंडेन्सर पास होतो. बेचाळीस अंशांत, डांबर तापलेलं असताना, आठवडी बाजाराच्या गर्दीत गाडी रेंगाळली की पातळ मालाची परीक्षा होते. आपल्या भागात पार्ट मे महिन्याच्या हिशेबानं घ्यायचा. मी दुसरं खोकं उचललं.

एवढ्यात शेजारच्या एका दुकानदारानं कॉम्प्रेसरही बदलायचा आग्रह धरला. जुना आहे, आज ना उद्या जाणारच, रिकंडिशन देतो म्हणाला. हा सल्ला नेमका तपासावा कसा, हे मला मेस्त्रींनी नंतर दाखवलं. सोडलेल्या नळीतून त्यांनी तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर घेतला. थेंब स्वच्छ होता. त्यात चंदेरी चुरा चमकला असता, तर कॉम्प्रेसर आतून झिजला असं समजायचं. तो चुरा कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक वाटांत अडकतो आणि धुऊनही पुरता निघत नाही. मग कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, सगळं एकदमच बदलावं लागतं. एकटा नवा कॉम्प्रेसर टाकला तर जुना चुरा त्यालाही खातो. माझा थेंब स्वच्छ निघाला आणि मोठा खर्च वाचला.

वाचला नाही तो ड्रायरचा. एसी उघडला की बाहेरच्या हवेतला ओलावा आत शिरतो, आणि यातलं तेल ओलावा ओढून घेणारं. तो ओलावा व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो आणि गॅस-तेलात मिसळून आम्ल तयार करतो. ओलावा शोषणारे दाणे ड्रायरमध्ये असतात, म्हणून तो नवा घ्यायचा आणि त्याची टोपणं बसवायच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत. जोडांवरच्या रबरी रिंगा किरकोळ किमतीच्या. त्याही सगळ्या नव्या. महागडा कंडेन्सर जुन्या रिंगेवर बसवणारी माणसं आहेत.

गॅसचीही गंमत आहे. पूर्वी गाड्यांत आर-१२ असायचा. त्यानं ओझोनला भोक पडतं म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानं तो हद्दपार व्हायला लागला, आणि त्याच्या जागी आला आर-१३४ए. तो उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो, म्हणून डॅशबोर्डमागच्या कॉइलमधली उष्णता इतक्या झटकन ओढतो. मात्र जास्त भरला तरी गारवा घटतो. किती ग्रॅम लागतो ते बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. मेस्त्रींनी आधी पंपानं सगळी हवा ओढून काढली, काटा अर्धा तास तसाच राहतो का ते पाहिलं, आणि मग वजनकाट्यावर डबा ठेवून गॅस सोडला. मी जवळच्या स्टुलावर बसून ग्रॅम मोजत होतो. १९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड मोटारीला पहिला कारखानी एसी आला, तेव्हा तो बंद करायला खाली उतरून पट्टा काढावा लागे म्हणतात. त्या मानानं आपण सुखी.

निघताना पावती मागितली. मेस्त्रींना जरा विचित्र वाटलं. पण दामाजीपंतांच्या कथेत खुद्द विठोबानं बिदरच्या दरबारात धान्याचे पैसे भरून पावती घेतली. दामाजीपंतांच्याच गावात मी कशाला संकोच करू? पावतीवर पार्ट नंबर आणि गॅसचे ग्रॅम लिहून घेतले, आणि जुना कंडेन्सर डिकीत टाकून घेतला.

तुमचा एसी आज चांगला चालत असेल तर आजच बोनेट उघडून त्या स्टिकरचा आणि आरसी बुकातल्या चासी नंबरचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. आणि कुणी "गॅस भरून टाका" म्हणालं, तर आधी गळती दाखवायला सांगा.