मस्टरवरचा अंगठा

अमेरिकेतल्या महामंदीच्या तासासाठी टाचण काढत बसले होते. टेबलावर पुस्तक उघडं होतं. आई चहाचा कप ठेवायला आली आणि पानावरच्या फोटोपाशी थबकली.

"ह्या लेकरांनी तोंडं का फिरवलीत गं?"

फोटो जगभर गाजलेला आहे. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. गारठ्यानं वाटाण्याचं पीक गेलं आणि तोडणीला आलेले मजूर उपाशीपोटी तिथंच अडकून पडले. डोरोथिया लँग ही सरकारनं पगारावर नेमलेली छायाचित्रकार तिथं पोचली. फोटोतली बाई ३२ वर्षांची आहे, दिसते पन्नाशीची. हात गालाशी, मांडीवर तान्हं आणि दोन खांद्यांना बिलगलेली दोन लेकरं, दोन्ही पाठमोरी.

मी काही सांगायच्या आधी आईच म्हणाली, "लाजली असत्याल. खडीवर कुणी वळखीचं आलं की आम्हीबी असंच तोंड फिरवायचो."

त्यातल्या एका मुलीनं म्हातारपणी काय सांगितलं ते मी पुढे वाचलं. फोटो छापून आला तेव्हा घरात सगळ्यांना शरमच वाटली, आपण कोण हे कुणाला कळू नये असं वाटायचं. वैजापूर तालुक्यातल्या माझ्या आईनं ते नुसत्या पाठमोऱ्या मानांवरून ओळखलं होतं.

खडी म्हणजे १९७२च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर फोडलेली. मी तेव्हा सहा महिन्यांची होते. बाभळीला बांधलेल्या झोळीत मला टाकून आई रस्त्याच्या कडेला बसायची. दगड निसटू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं, त्या कड्यात दगड आणि वरून हातोडी. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा. ढीग कमी भरला तर पैसे कमी, म्हणून मला पाजायला उठली तरी तिचा जीव ढिगापाशीच असायचा. कामावर सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी थापतानाच फाटायची हे सांगताना आईचं तोंड आजही कडू होतं.

त्याच अमेरिकेत १९३३ साली, शेतमालाचे पडलेले भाव सावरावेत म्हणून सरकारनं डुकरांची ६० लाख पिल्लं मारायला लावली आणि सुमारे १ कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकायला शेतकऱ्यांना पैसे दिले. मी कापसाच्या घरात वाढले. उभ्या कापसावर नांगर घातल्याची ती ओळ वर्गात वाचताना माझा आवाज दरवेळी अडखळतो.

पण ह्याच सरकारनं १९३५ पासून, युद्धाच्या कारखान्यांनी बेकारी संपवेपर्यंत, ८५ लाखांच्या आसपास लोकांना रस्ते, पूल, शाळा बांधायच्या कामाला लावलं. भीक नको, काम द्या, ही भूक दोन्हीकडची एकच. आपल्याकडे तिला उत्तर दिलं वि. स. पागे यांनी. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला, बहात्तरच्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७७ साली त्याचा कायदा झाला. अमेरिकेत काम ही संकटापुरती सोय होती आणि संकट सरल्यावर १९४३ साली ती बंद झाली. महाराष्ट्रानं काम हा कायद्याचा हक्क केला. माझ्या राज्याबद्दल मला ज्या थोड्या गोष्टींचा मनापासून अभिमान आहे, त्यातली ही पहिली.

खंत वेगळ्याच गोष्टीची आहे. मंदीत अमेरिकेनं लेखकांनाही मजूर मानलं, त्यांनाही रोज दिला. त्यांनी गावोगाव हिंडून गुलामीत जन्मलेल्या २,००० हून अधिक म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. लँग आणि तिच्या सोबत्यांच्या पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. आमच्या खडीवर कुणी कॅमेरा किंवा वही घेऊन आल्याचं आईला आठवत नाही. तिची नोंद एकच, मस्टर. नाव, हजेरीची खूण आणि पगाराच्या दिवशी शाईचा अंगठा. ते मस्टर कुठल्या दप्तरात गेलं, वाळवीनं खाल्लं की रद्दीत विकलं, कुणाला विचारायचं?

लँगनं त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ साली, तोवर तिची उमर उतरली होती. तिचा चेहरा राहिला आणि नाव इतकी वर्षं हरवलं. आईचं नाव तेवढं कुठंतरी उतरलं, चेहरा नाही.

ह्याच लँगला १९४२ साली सरकारनं पुन्हा बोलावलं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर जपानी वंशाच्या १ लाख २० हजारांच्या आसपास लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं गेलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. ते सक्तीचं स्थलांतर तिनं टिपलं. बोचकी बांधून उभी असलेली कुटुंबं, लहान मुलांच्या कोटांना लटकवलेल्या चिठ्ठ्या. लष्करानं ते फोटो युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. भुकेलेला चेहरा सरकारला दाखवायचा होता, तो मदतीच्या कामी येत होता. आपण ज्यांच्यावर अन्याय केला त्यांचे चेहरे मात्र कपाटात गेले. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. त्यांचे फोटो निदान कपाटात तरी उरले. त्याच काळात आमच्या भागावर निजामाचं राज्य होतं आणि लेव्हीची माणसं दारोदार धान्य वसूल करत फिरत होती. आजोबा पेवातली ज्वारी कशी लपवायचे, हे घरात फक्त तोंडी उरलंय.

म्हणून मी आता वर्गातल्या मुलांना सांगते, सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीपाशी बसा. तिनं कुठल्या रस्त्यावर, कुठल्या पाझर तलावावर काम केलं, सोबत कोण होतं, पोर कुठं ठेवलं होतं, हे तिच्याच बोलीत उतरवून आणा. आत्तापर्यंत दोन वह्या भरल्यात.

गेल्या महिन्यात आईला घेऊन रेशनच्या दुकानात गेले होते. दुकानदारानं यंत्र पुढे सरकवलं. आईनं अंगठा ठेवला. यंत्रानं घेतला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मागच्या बायका हळूहळू सरकत पुढे आल्या.

"रेघाच राहिल्या नाहीत, मावशी," दुकानदार म्हणाला.

"खडीनं खाल्ल्या," आई म्हणाली. अंगठा तिनं पदराला घासून पुसला आणि यंत्रावर पुन्हा टेकवला.